राखणीचा उन्हाळा

आमच्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर कोणीतरी गहू भिजत घातले आहेत. संध्याकाळी क्लासवरून आले की जिन्याच्या पहिल्याच वळणावर तो आंबूस वास नाकात शिरतो. वरच्या मजल्यावर नव्यानं आलेल्या भाडेकरूनं परवा मला थांबवून विचारलं, "मॅडम, ड्रेनेज तुंबलंय का हो?" मी म्हटलं, "नाही हो, कुरडया होणार आहेत." तो पुण्याकडचा आहे, कुरडया त्यानं पाकिटातल्याच पाहिलेल्या. या उत्तरानं त्याचं समाधान झालं नाही, हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्याला काय सांगणार? गहू दोन-तीन दिवस पाण्यात राहून असे आंबले नाहीत तर चीक सुटत नाही, आणि चीक नीट सुटला नाही तर कुरडई तेलात फुलत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्या अर्ध्या गावाला हा वास येतो आणि उरलेल्या अर्ध्याला कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा.

मला मात्र हा वास आला की अकोल्यातला एक उन्हाळा आठवतो. पूर्वी तो आठवला की मी नाकाला पदर लावून जिना चढायचे. आता तो ओळखीच्या पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो, दोन गोष्टी बोलतो आणि जातो. यंदा तर मी जिन्यात उभी राहून मुद्दाम एक खोल श्वास घेतला, आणि मला चक्क बरं वाटलं. हे असं होईल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

मी अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. माझा नवरा सुधीर तेव्हा अकोल्यात होता, बियाणं विकणाऱ्या एका कंपनीचं काम पाहायचा. (लिहिताना मी 'तो' लिहिते आहे. समोर 'तुम्ही' म्हणायचं, हीच आमच्या घरची रीत.) माझी नोकरी इकडं, त्याची तिकडं, सासूबाई अकोल्याचं घर सोडायला तयार नाहीत, आणि मुलगी मुक्ता अमरावतीच्या शाळेत. त्यामुळं आमचा संसार हळूहळू शनिवार-रविवारचा झाला. कधी तो यायचा, कधी आम्ही मायलेकी बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव करत एसटीनं अकोला गाठायचो. वऱ्हाडात असे अप-डाऊन संसार गल्लोगल्ली आहेत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, आणि मलाही वाटलं नव्हतं.

मग अधूनमधून शनिवार गळायला लागले. "धारणीले गेलतो, रेंज नव्हती," तो सांगायचा. मेळघाटातलं काम म्हटलं की आमच्याकडं कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. घाटातला रस्ता, जीप मिळाली तर मिळाली, फोन लागला तर लागला. मीही कधी विचारला नाही. त्या वर्षी माझ्या वर्गात धारणीकडची एक मुलगी होती, शेवटच्या बाकावर बसणारी, फारसं न बोलणारी. एक दिवस तास सुरू व्हायच्या आधी ती आनंदानं सांगत आली, "मॅडम, आमच्या इकडं टॉवर झाला! आता आई रोज फोन करते." मी विचारलं, "कधी झाला गं?" ती म्हणाली, "दिवाळीतच." तेव्हा होळी तोंडावर आली होती. मी तिच्या पाठीवर थाप मारली, फळ्याकडं वळले आणि मला काय लिहायचं तेच सुचेना.

चौकशी केली तेव्हा कळलं, ते धारणी नव्हतंच. ते अकोला जिल्ह्यातलंच तेल्हारा होतं, आणि तिथं एक बाई होती. तिच्याबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. तिचाही एखादा उन्हाळा असेल, तो तिनं लिहावा.

सुधीरनं आधी कानावर हात ठेवले, मग तो चिडला, मग मान खाली घालून बसला. "संपवतो मी ते," एवढंच म्हणाला. माझ्या भावानं वकील गाठून ठेवला. "तू फक्त हो म्हण, बाकी माह्यावर सोड," असं त्याचं चाललं होतं. मी त्याच्याकडं जूनपर्यंतची मुदत मागितली. जूनमध्ये नवी बॅच सुरू होते. तोवर मला ठरवायचं होतं, या माणसाबरोबर राहायचं की नाही. परीक्षा आटोपताच मुक्ताला मामाकडं धाडलं आणि बॅग भरून मी अकोल्याला गेले. नात्यागोत्यातले म्हणाले, सून शहाणी, संसार सावरायला गेली. कसला संसार सावरते! मी पहारा द्यायला गेले होते.

अकोल्याचं ऊन ज्यानं अंगावर घेतलं नाही त्याला ते सांगून कळत नाही. सकाळी दहालाच रस्ते ओस पडतात. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेला टॉवेल तासाभरात पापडासारखा कडक होतो. नळ कधी येईल याचा नेम नाही, आणि आला की सगळी कॉलनी बादल्या घेऊन धावते. त्या उन्हात आमचं घर दारं-खिडक्या लावून बसलं होतं. आत कूलर घरघरायचा, आणि त्याच्या आवाजामुळं कोणाला कोणाशी बोलावं लागत नव्हतं. मी त्या कूलरचे मनोमन आभार मानायचे.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. आईंना सगळं कळलं तेव्हा त्या मुलाला एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी देवाला धारेवर धरलं. सकाळी नेहमीसारखे देव ताम्हनात घेतले, पाणी घातलं, पुसले, जागच्या जागी मांडले. पण ना गंध, ना फूल. देव्हाऱ्यासमोर बसून, जुन्या वऱ्हाडी बायकांच्या 'देतो-जातो' बोलीत त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आंघोळ घालून देतो, पण तुह्याशी बोलणार नाही मी. इतके वर्ष तुह्या डोक्यावर पाणी घालून राहिलो. एकच पोरगं हाय माह्यं. त्याचा पाय तिकडं वळला तवा तुले दिसत नव्हतं काय? हात कावून नाही धरला त्याचा?" बाळकृष्ण लोणी घेऊन रांगत होता, तो रांगतच राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात घेऊन उभी होते. माझ्याही मनात नेमका हाच प्रश्न होता. फक्त माझा देवावर तेवढा हक्क नव्हता.

दोन-चार दिवसांनी आईंनीच एक शक्कल काढली. सुधीर कामावरून आला तशी म्हणाल्या, "सुध्या, घरात आला का मोबाईल इथं ठेवायचा. देवापाशी." मग देव्हाऱ्याकडं वळून, "अगुदर नाही पाह्यलं, आता त पाह्य." सुधीरनं मुकाट्यानं मोबाईल ठेवला. तेव्हापासून तो अन्नपूर्णा आणि बाळकृष्णाच्या मधोमध असायचा. नियम असा ठरला की तो वाजला की आधी मी जाऊन नाव पाहायचं आणि मग त्याला द्यायचा. बहुतेक फोन दुकानदारांचे असायचे, कोणत्या वाणाच्या बॅगा कधी येणार ते विचारणारे. फोन थरथरला की बाळकृष्ण त्याच्यासोबत थरथरत पुढं सरकायचा. एकदा तर पार काठावर आला. आईंनी त्याला उचलून मागं ठेवला आणि म्हणाल्या, "नीट बस."

आता हसू येतं. तेव्हा त्या घरात कोणीही हसलं नव्हतं.

त्यातच वाळवणाचे दिवस आले. घरात काहीही झालं तरी वाळवण चुकत नाही. मुगाच्या वड्या झाल्या, बटाट्याचा कीस झाला, काडीवर वळलेले गव्हाचे सरगुंडे झाले, उडदाचे पापड झाले. अंगणात खाटा टाकून त्यांवर जुन्या साड्या अंथरायच्या आणि वर हे सगळं घालायचं. मग राखण. बकऱ्या, कावळे, शेजारची कोंबडी, वावटळ, सगळ्यांपासून. मी कडुनिंबाखाली खुर्ची टाकून हातात काठी घेऊन बसायचे. डावीकडं खाटा. उजवीकडं खिडकी, आणि रविवार असला की खिडकीतून दिसणारा, कूलरपुढं बसलेला नवरा. दोन्हींची राखण मी सारख्याच निष्ठेनं करत होते. तो उठला की माझी मान वळायची. फाटकाशी गेला की मी खोकायचे. तेल्हाऱ्याची फेरी त्यानं दुसऱ्या माणसाकडं सोपवली होती. तरी तो कुठं जातो, कुठल्या दुकानातून किती वाजता निघतो, हे मी विचारायचे आणि तो सांगायचा. डोळ्यात तेल घालून म्हणतात तशी राखण होती ती.

आणि राखण फळाला आली, हेही सांगायला हवं. त्या दिवसांत सुधीरनं काहीही वाईट केलं नाही. खोटं बोलला नाही, कारण खोटं बोलायला जागाच नव्हती. वेळेवर यायचा, ताटात पडेल ते खायचा, विचारलं की "हो" म्हणायचा. नातेवाईक फोनवर म्हणायचे, आता सुधरला ना? मी म्हणायचे, हो, सुधरला. पण मी त्याच्याकडं बघायचे तेव्हा मला त्या चांगुलपणात तो कुठं दिसायचाच नाही. खाटेवरची वडी चांगली वागते म्हणून कोणी तिचं कौतुक करतं का? ती पळून जात नाही, कारण तिला पाय नाहीत.

मी इतकी वर्षं मुलांना हृदय शिकवते. चार कप्पे, झडपा, कुठलं रक्त कुठून येतं आणि कुठं जातं. हृदय जन्मापासून मरेपर्यंत एक सुट्टी न घेता काम करतं. पण त्याला कधी कोणी प्रामाणिक म्हटलं नाही. कारण त्याला नाही म्हणताच येत नाही. हे मी कितीदा वर्गात सांगितलं असेल, मुलं हसावीत म्हणून. त्या उन्हाळ्यात काठी हातात घेऊन बसल्यावर ते मला पहिल्यांदा नीट कळलं. आईंनी देवाला विचारलं होतं, हात का नाही धरलास. मी तर हात धरलाच होता, चांगला मनगटापाशी. आणि हाती काय आलं होतं? नुसतं मनगट.

पण हे कळूनही काठी सुटत नव्हती. एकदा फसलेल्या माणसाला राखण सोडून दे म्हणणं सोपं असतं. ती सोडली आणि पुन्हा फसवणूक झाली तर? त्या 'तर'पुढं मला काही दिसायचं नाही. दिवस मात्र जात होते, जून जवळ येत होता, आणि भाऊ दर दोन दिवसांनी विचारत होता, "काय ठरलं?"

कुरडयांचा मुहूर्त रविवारचा निघाला. गहू भिजले, वाटले, धुतले, गाळले. रात्रभर चीक तळाशी बसला. पहाटे उजाडायच्या सुमारास वरचं निवळ पाणी ओतून दिलं तेव्हा खाली पांढराशुभ्र, दाट चीक होता. आईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी जरा मोकळा झाला. "मस्त पडला," त्या म्हणाल्या. अंगणात पऱ्हाट्यांची चूल पेटली. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या भडकन पेटतात आणि झटकन विझतात, म्हणून जाळाशी एक माणूस कायम लागतं. तिथं शेजारच्या लताकाकू बसल्या. मोठ्या पातेल्यात मीठ-हिंगाचं पाणी उकळलं. आई बारीक धार धरून चीक ओतणार, मी चाटूनं घाटणार. चाटू म्हणजे हातभर लांब दांड्याचा लाकडी पळा. एकदा चीक पाण्यात पडायला लागला की हात थांबवायचा नाही, एका बाजूनंच फिरवायचा; क्षणभर थांबलात तर गाठी. आणि गाठी झाल्या की कुरडयांचं सोऱ्यातून नीट उतरणं संपलं. अख्ख्या वर्षाची बेगमी ढोरांपुढं टाकावी लागते.

नेमका तेव्हाच नळ आला. सुधीर बादल्या घेऊन टाकी भरायला लागला. आणि नेमका तेव्हाच आत देव्हाऱ्यात मोबाईल वाजला.

आमच्या तिघींचे हात गुंतलेले. मी नेहमीच्या सवयीनं उठायला गेले आणि चाटू माझ्या हातात जड झाला. सुधीर ओल्या हातांनी अंगणात उभा राहिला. तो आत गेला नाही, माझ्याकडं बघत राहिला. मोबाईल वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. शेवटी आईच म्हणाल्या, "जाय रे, घे." तो आत गेला. बाहेर आला तेव्हा मोबाईल त्याच्या हातात होता आणि तो पडद्याकडं बघत होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचा चेहरा मला वाचता येत नाही असं नव्हतं. तो फाटक उघडून बाहेर गेला आणि भिंतीआड दिसेनासा झाला.

आईंनी चिकाची धार थांबवली. लताकाकूंना काही ठाऊक नव्हतं, पण बाई मोठी चाणाक्ष, त्या एकदम जाळ सारायला लागल्या. आई मला हळूच म्हणाल्या, "वंदना, जाय तू. पाह्य कोणाशी बोलून राहिला त. चीक गेला त गेला."

ज्या बाईनं उभ्या आयुष्यात ताटात भाताचं शीत टाकू दिलं नाही, ती हे म्हणत होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, धुरानं असेल किंवा नसेल. माझा हात थांबला. पातेल्यात एक बुडबुडा फुटला आणि त्याच्या कडेला पहिली गाठ धरायला लागलेली मला दिसली.

"नाही, आई," मी म्हटलं. "गाठी होतील. तुम्ही ओता."

मला तेव्हा काही मोठा विचार सुचला होता असं नाही. मी दमले होते. खरं सांगायचं तर फाटकाबाहेर जाऊन भिंतीला कान लावणारी बाई मला माझ्यात बघवेना. जे होईल ते होवो. फसवायचं तर फसवू दे, पण ते त्याच्या हातानं होऊ दे, माझ्या पहाऱ्यातल्या एखाद्या फटीतून नको. मी चाटू फिरवत राहिले. आई ओतत राहिल्या. मनगट दुखायला लागलं, वाफेनं बोटं भाजली, आणि तेवढ्या वेळात माझा संसार भिंतीपलीकडं होता किंवा नव्हता. मला काहीही ऐकू येत नव्हतं. कॉलनीत सगळ्यांकडं नळ चालू होते.

तो परत आला. चुलीपाशी आला, लताकाकू तिथं बसल्या आहेत हे बघूनही थांबला नाही, आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "तिचा होता. आता करू नको म्हणून सांगतलं मी. नंबर काढून टाकतो."

लताकाकूंना एकाएकी आपल्या घरचं दूध उतू जात असल्याची आठवण झाली. पण त्या उठल्या नाहीत. जाळ कोण बघणार?

त्याला सहज दुसरं काही सांगता आलं असतं. दुकानदाराचा होता, चुकून लागला होता, काहीही. मी नाव पाहिलं नव्हतं. चारचौघांत स्वतःची अब्रू काढायची त्याला गरज नव्हती. त्यानं मोबाईल ओट्यावर ठेवला, देव्हाऱ्यात नाही, आणि माझ्या हातातला चाटू घेतला. "दे इकडं. बोटं पाह्य कशी लाल झाली." आणि त्यानं जोरात घाटायला सुरुवात केली, अगदी उलट्या बाजूनं.

"अरे उलटा कायले फिरवतं!" आई ओरडल्या. "सत्यानाश करशील सगळा!"

आणि मग त्या हसल्या. लताकाकू हसल्या. मी तोंडाला पदर लावला आणि हसता हसता रडले, किंवा रडता रडता हसले, आता आठवत नाही. चीक शेवटी बराच सुधारला. थोड्या गाठी राहिल्या, सोऱ्या दोनदा अडकला. ऊन चढायच्या आत खाटा भरल्या. उरलेला गरम चीक वाटीत घेऊन त्यावर कच्चं तेल आणि तिखट घालून आम्ही चौघांनी ओट्यावर बसून खाल्ला. असा चीक मी नंतर कधी खाल्लेला नाही.

संध्याकाळी अंगणात पाणी मारलं, तापलेल्या मातीतून वाफा निघाल्या. मी वाळलेल्या कुरडया उलटून ठेवत होते. सुधीर येऊन खाटेच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला आणि तोही त्या उलटायला लागला, माझ्यापेक्षा जास्त मोडत. एक मोडकी कुरडई हातात घेऊन म्हणाला, "मले वाटलं तू मागं येशील."

"आई म्हणत होत्या, जाय म्हणून."

"आली असती त मी खोटं बोललो असतो," तो म्हणाला. "तोंडावर तयार होतं माह्या. मागं वळून पाह्यलं त कोणीच नव्हतं. मंग कोणाशी खोटं बोलावं?"

मी त्या कुरडईकडं बघत राहिले. हा माणूस मला कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा भेटत होता.

देव का थांबवत नाही, याचं उत्तर मला मिळालं असं मी म्हणणार नाही. पेपर उघडला की रोज काय काय वाचायला मिळतं. त्यापुढं माझं दुखणं म्हणजे नखाएवढं. ते भोगणाऱ्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू की मोकळीक दिल्याशिवाय चांगुलपणाला अर्थ नाही? मोकळीक त्यानं सुधीरला दिली आणि चटका मला बसला, मुक्ताला बसला, म्हाताऱ्या आईंना बसला. हा व्यवहार मला आजही पूर्ण पटलेला नाही आणि वर गेल्यावर मी ते तोंडावर बोलणार आहे. शिवाय सगळ्यांचे नवरे फाटकातून परत येत नाहीत. कितीतरी बायका चाटू फिरवत राहतात आणि फाटक तसंच उघडं राहतं. त्यांनी राखण सोडली म्हणून त्या मूर्ख, आणि मी शहाणी, असं मुळीच नाही. माझं नशीब बरं होतं.

पण एवढं मात्र मला त्या अंगणात समजलं. मी त्या सकाळी बेफिकीर नव्हते. माझा सगळा जीव फाटकाकडं लागला होता आणि तरी मी मागं गेले नाही. तेव्हापासून वाटतं, देव हात धरत नाही याचा अर्थ त्याला दिसत नाही किंवा फिकीर नाही, असा नसेल. तोही असाच कुठंतरी जीव मुठीत धरून बसलेला असेल, आणि उठून मागं जायचं नाही असं त्यानं ठरवलेलं असेल. मला वाटतं हे त्यालाही सोपं जात नसावं.

आईंना तिथं पोचायला एवढं फिरून जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवांना गंध लावलं, जास्वंदीचं फूल वाहिलं. अबोला सुटला. मी दारातूनच ऐकत होते. "मी म्हटलं होतं तुले, हात धर त्याचा," त्या सांगत होत्या. "बरं झालं नाही ऐकलं माह्यं. हात धरला असता त काल येऊन बोलला असता काय तो?" मग बोट उगारून, "पण एवढी मोकळीक बी बरी नाही, सांगून ठेवतो."

नंतरचे दिवस एकदम गोड झाले असं कोणी समजू नये. मी दोनदा भांडले, एकदा दोन दिवस जेवले नाही. एका दुपारी काही कारण नसताना मला सगळं पुन्हा आठवलं आणि मी त्याला नको ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं. पण काठी घेऊन मी पुन्हा बसले नाही. बकऱ्यांनी एक खाट पापड खाल्ले, तेव्हा आईंनी मला चांगलं फैलावर घेतलं.

भावाला मी मेच्या शेवटी फोन केला. "वकिलाला राहू दे," म्हटलं. तो म्हणाला, "पक्कं ना?" मी म्हटलं, "पक्कं काहीच नसते बाप्पा. पण राहू दे."

जून लागला. क्लास सुरू व्हायच्या दोन दिवस आधी मी अमरावतीला निघाले. सुधीर एसटी स्टँडवर सोडायला आला होता. उकाडा असह्य होता, आभाळ नुसतंच गच्च झालेलं. त्यानं माझी बॅग वर टाकली, खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिला. कंडक्टरनं घंटी मारली तसं त्यानं विचारलं, "शनिवारी येऊ काय?"

हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आधी हक्कानं यायचा, नंतर दांड्या मारायचा, आणि या उन्हाळ्यात तर सगळं मी सांगेन तसं करायचा. माझ्या तोंडावर आलं होतं, या, वेळेवर या, निघाल्यावर फोन करा. ते मी गिळलं.

"तुमची मर्जी," मी म्हटलं.

आमच्याकडच्या बायका हे दोन शब्द रागात असल्या की म्हणतात. तोही जरा चपापला. मग त्यानं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि त्याला कळलं की मी रागावलेली नाही. एसटी हलली.

आठवडाभर मी त्याला एकदाही विचारलं नाही, येणार का म्हणून. शनिवारी सकाळी क्लास घेतला, घरी आले, भाजी टाकली, पोळ्यांची कणीक जरा जास्तच भिजवली आणि स्वतःवरच चिडले. दुपारी भर उन्हात दारावर थाप पडली. तो आला होता. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, चेहरा तापून लाल झाला होता, आणि दारातच त्यानं माठाकडं बोट दाखवलं. एसटीत अकोल्यापासून उभ्यानंच आला होता.